एक सेंटिमीटरचं फूल आणि ३० हजारांचा कॅमेरा

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी सातवीतली एक मुलगी वर्गात आली ती दोन्ही हातांची ओंजळ करूनच. ओंजळीत एक ओलं पान आणि पानात सीतेची आसवं. शाळेमागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, त्या दिवसांत निळा-जांभळा गालिचा पसरतो, त्यातली पाच-सहा फुलं तिनं माझ्यासाठी खुडून आणली होती. सड्यावरून वर्गात यायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात फुलांनी माना टाकल्या होत्या. "बाई, तिथं लय भारी दिसत होती," ती म्हणाली आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

मी विज्ञान शिकवते. घर साताऱ्यात शाहूपुरीला, शाळा जावळीतल्या एका गावात. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथं बुकिंग करून लांबलांबची माणसं येतात. पण आसपासच्या बऱ्याच गावांच्या डोक्यावर तसाच एखादा लहान सडा असतो, तोच काळा कातळ, तीच चार बोटं माती आणि बरीचशी तीच फुलं. आमच्या मुलांच्या ती पायाखालची आहेत. "खुडू नका" असं मी दरवर्षी सांगते. पण खुडायचं नाही, तर मग वर्गात दाखवायचं काय? पुस्तकातलं चित्र अंगठ्याएवढं, तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाचं.

फोनवर प्रयत्न करून झाला होता. फोन फुलाऐवजी मागचं गवत पकडायचा. त्यातली ती वेगळी मॅक्रोची काच म्हणजे २ मेगापिक्सेलची, वर्गातल्या टीव्हीवर लावली की नुसता जांभळा डाग. दिवाळीत माझी भिशी लागणार होती, ३० हजारांची. त्यातून कॅमेरा घ्यायचा हे त्या ओंजळीकडे बघतानाच ठरलं.

कॅमेऱ्यातलं मला काहीच कळत नव्हतं. साताऱ्यातल्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलानं काचेतून एक लांब नाकाचा कॅमेरा काढला. "६० एक्स झूम आहे मॅडम, दारात चला." दारातून त्यानं अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर धरला आणि झूम ताणत नेला. टॉवरच्या लोखंडी पट्ट्या मोजता येतील इतक्या जवळ आल्या. मी थक्क झाले. किंमत २२ हजार, म्हणजे हातात ८ हजार उरणार. दिवाळीपर्यंत बाजूला काढून ठेवा, असं सांगूनच मी घरी आले.

आमच्या गल्लीत एक स्टुडिओवाले काका आहेत. रोल धुवायच्या काळापासूनचे. जाता जाता त्यांना सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, "बाई, फोटो कशाचा काढायचाय?"

"फुलांचा."

"केवढं फूल?"

मी बोटांनी दाखवायला लागले. ते म्हणाले, "असं नाही. मोजून या. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांच्या कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी घेऊन मी सड्यावर गेले. चार मुलीही बरोबर आल्या. सीतेची आसवं जेमतेम १ सेंटिमीटर. गेंदाचा पांढरा गोंडा साधारण तेवढाच. सोनकीचं फूल तीनच्या आत. आणि कातळावरच्या ओल्या मातीत चिकटून बसलेलं दवबिंदूचं लालसर चक्र अडीच सेंटिमीटरचं. पण त्याच्या पानावरचे जे चिकट थेंब मला मुलांना दाखवायचे होते, ते मिलिमीटरच्याही आतले. इतकी वर्षं मी ही फुलं बघत आलेय, पण मोजली त्या दिवशी पहिल्यांदा.

ते आकडे घेऊन काकांकडे गेले, तेव्हा त्यांनी एका लग्नाच्या बिलाची मागची बाजू घेतली आणि दोन चौकटी काढल्या. एक ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार उंच. दुसरी २२ बाय १५. "ही लहान म्हणजे त्या झूमवाल्याचा सेन्सर, आतली फोटो टिपणारी चकती. ही मोठी म्हणजे डीएसएलआरचा, लेन्स बदलता येते त्या मोठ्या कॅमेऱ्याचा. मेगापिक्सेल दोघांवर जवळपास सारखेच लिहिलेले असतात." क्षेत्रफळ मी तिथंच काढलं, मोठी चौकट लहानीच्या सुमारे बारापट भरते. तेवढेच ठिपके बारापट लहान जागेत कोंबायचे, म्हणजे एकेका ठिपक्याच्या वाट्याला उजेडही तेवढाच थोडा येणार. उन्हात चालून जातं. पण आमची फुलं येतात तीच मुळी ढगात आणि धुक्यात. अशा उजेडात लहान सेन्सरचा फोटो मोठा केला की सगळ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. काकांनी त्यांच्याकडचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले, मग पटलं.

आणि झूमचं म्हणाल, तर झूम लांबचं जवळ आणतो, बारीक ते मोठं करतोच असं नाही. त्याच कॅमेऱ्याचा झूम पूर्ण ताणून काकांच्या टेबलावरची टाचणी धरायची म्हटली असती, तर काही पावलं मागं जावं लागलं असतं. त्याच्या आत फोकस बसत नाही. झूम न ताणता तो अगदी १ सेंटिमीटरवरही टिपतो, पण मग कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते. मी दुकानात फोन करून तो कॅमेरा ठेवू नका म्हणून सांगितलं.

मग काकांनी एक परीक्षा शिकवली, ती मी पुढं प्रत्येक कॅमेऱ्याला लावली. स्टीलची पट्टी टेबलावर ठेवायची. लेन्स तिच्यावरच्या झूमच्या आकड्यांपैकी सगळ्यात मोठ्या आकड्याला, म्हणजे १८-५५ असेल तर ५५ ला न्यायची. जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन पट्टीचा फोटो काढायचा. आणि मग फोटोत बघायचं, या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टीचे किती मिलिमीटर मावलेत. ज्याच्यात कमी मावतील, त्याच्यात फूल मोठं येईल. दुकानदार काय सांगतो, डब्यावर काय छापलंय, याची काही गरजच उरत नाही. काकांकडच्या निकॉनच्या १८-५५ मध्ये ६२ मिलिमीटर मावले. कॅननच्या नव्या १८-५५ मध्ये ८९. म्हणजे नुसत्या फुलाच्या दृष्टीनं बघितलं, तर निकॉनची लेन्स सरस होती आणि मी ती घेणारच होते.

पण सड्यावर पोटावर झोपून बघितल्यावर दुसरी गोष्ट कळली. ही फुलं जमिनीपासून वीतभरही वर नसतात, दवबिंदू तर जमिनीलाच टेकलेला. कॅमेरा फुलाच्या उंचीला न्यायचा, तर डोळा त्याच्या मागं न्यावा लागतो, आणि डोळा न्यायचा तर अख्खं अंग जमिनीवर. एका फुलाचा फोटो काढायला मी अंगाखाली पन्नास फुलं चिरडणार होते. मुलांना खुडू नका म्हणणाऱ्या बाईंनी तसं करणं मला जमलंच नसतं. म्हणून मागचा पडदा बाहेर उघडून वर वळवता येईल असाच कॅमेरा हवा, म्हणजे उकिडवं बसून, वरून खाली बघत फोटो घेता येतो. नव्यानं शिकणाऱ्यांना सगळे मेगापिक्सेल सांगतात, लेन्स सांगतात. जमिनीवरच्या गोष्टी टिपायच्या असतील तर हा पडदा आधी बघा, असं मी सांगेन. तो नंतर बसवून घेता येत नाही. लेन्स पुढंमागं बदलता येते.

३० हजारांत वळणाऱ्या पडद्याचा नवा कॅमेरा मला मिळाला नाही. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले नव्या पद्धतीचे कॅमेरे, त्यांच्या किमती त्याच्या कितीतरी पुढं. निकॉननं नवशिक्यांसाठीचा डी३५०० हा कॅमेरा २०२२ मध्येच बंद केलेला. कॅननचे त्यातल्या त्यात स्वस्त डीएसएलआर होते, पण त्यांचा पडदा पक्का, हलत नाही. म्हणजे वापरलेला घ्यायचा. दोन नावं कागदावर उरली. निकॉन डी५३००, २०१३ सालचा, आणि कॅनन २००डी, २०१७ सालचा. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोघांचाही पडदा वळणारा. कॅननमध्ये पडद्यावर बघून फोटो काढताना फोकस झटकन बसतो, निकॉनचा त्या वेळी पुढंमागं चाचपडत राहतो. मला तर सगळे फोटो पडद्यावर बघूनच काढायचे होते. पट्टीच्या परीक्षेत मागं पडलेला कॅनन इथं पुढं आला.

नोव्हेंबरात पुण्याला गेले. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं चार वेळा जायची वेळ आली तरी जीव तुटला नाही. एका दुकानात २००डी होता, चकचकीत, लेन्ससकट २१ हजार. पट्टीचा फोटो काढला, ठीक होता. मग काकांनी सांगितल्याप्रमाणं लेन्स काढून घेतली, फोनची बॅटरी लावून तिचा उजेड मागच्या काचेतून तिरका सोडला आणि पुढून बघितलं.

आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी होतं. पांढरट, बारीक फांद्या फुटलेलं, नखाच्या चंद्रकोरीएवढं. आधी वाटलं केस असेल. लेन्स फिरवली तरी ते तिथंच. बुरशी. दमट हवेत, बंद कपाटात लेन्स महिनोन् महिने पडून राहिली की काचेवर धरते आणि पुढं काचेवरचा थरच खाते. दुकानदार म्हणाले, "ताई, फोटोत दिसत नाही ते." आज दिसत नसेल. पण आमच्याकडं पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण जरा सैल राहिलं तरी दोन दिवसांत बुरशी धरते, ती लेन्स जावळीत किती टिकणार होती? मी परत दिली. तेव्हा त्यांनी दुसरा, सीलबंद नवा डबा काढला, बाहेरदेशातून आलेला. "बिल नको असेल, तर अठरा टक्के वाचतील." बिल नाही म्हणजे कंपनीची वॉरंटी नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर तो कॅमेरा माझा आहे याला पुरावाही नाही. शिक्षिकेच्या पगारातून वर्षभर भिशी भरलेले ते पैसे होते. मी उठले. स्वारगेटला येईपर्यंत मन खट्टू झालं होतं, हे कबूल करते. अख्खा रविवार गेला होता आणि हातात काही नव्हतं.

मधे लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाचा कॅमेरा १८ हजारांत येत होता. काकांनी ऐकूनच मान हलवली. "लग्नातला कॅमेरा म्हणजे वडापची जीप हो बाई. रंग नवा, पण पळाली किती, कुणी सांगावं." एका लग्नात दोन-तीन हजार वेळा शटर उघडतं आणि मिटतं, अशी किती लग्नं झाली ते बाहेरून कळत नाही. काही कॅमेऱ्यांच्या फोटोंच्या फायलीत तो आकडा लपलेला असतो, या कॅननच्या फायलीत तो मिळत नाही. म्हणून घासलेल्या जागा बघायच्या, रबराची पकड सुटलीय का, फ्लॅशच्या खाचेचा रंग गेलाय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वापरणारा माणूस बघायचा.

तो माणूस सांगलीत भेटला, फेब्रुवारीत, विश्रामबागला. माझ्या मावसबहिणीच्या ओळखीतले, बँकेतून निवृत्त झालेले. नातवाच्या बारशासाठी कॅमेरा घेतला, पहिलं वर्षभर हौसेनं वापरला, मग नातू बेंगळुरूला गेला आणि कॅमेरा कपाटात. 'कपाटात' म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. पण त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, तो धान्याच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवला होता. वर्षातून दोनदा पुड्या बदलायच्या, म्हणाल्या, तिळगूळ आणि नारळी पौर्णिमा.

तरीही मी सगळं तपासलं. त्यांना राग येईल असं वाटत होतं, उलट ते खुर्ची ओढून शेजारी बसले. लेन्समधून उजेड सोडला, काच स्वच्छ. पांढऱ्या भिंतीसमोर एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान करून, फोटो काढून मोठा करून बघितला. दोन करडे ठिपके दिसले, ते सेन्सरवरच्या धुळीचे, फुंकणीनं जातात. लेन्सचं झाकण लावून दोन सेकंदांचा काळा फोटो काढला, त्यात लाल-निळे बिघडलेले ठिपके नव्हते. पडदा दहा वेळा उघडला, मिटला, फिरवला. प्रत्येक बटण दाबलं. बुडावरचा नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून बघितला. शेवटी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली, तेव्हा काकूंनी विचारलं, "ही कशाला गं?" सांगितल्यावर त्यांनी पोह्यांची ताटली सरकवून टेबलावर जागा करून दिली. ८९ मिलिमीटर. २४ हजारांत ठरलं. मूळ बिल, डबा, चार्जर, पट्टा, सगळं मिळालं. निघताना त्या म्हणाल्या, "नातवाचं राहून गेलं, फुलांचं तरी होऊ दे."

उरलेल्या पैशांत लेन्स येणार नव्हती. खरी मॅक्रो लेन्स माझ्या कॅमेऱ्याहून महाग. पण कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या मिळतात, एक्सटेन्शन ट्यूब. आत काच नसते, नुसतं अंतर. लेन्स सेन्सरपासून जितकी लांब जाईल, तितकं जवळचं टिपता येतं. ५००-६०० रुपयांच्याही मिळतात, पण त्यांच्यात विजेचे टोक नसतात. मग लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यावरून लहान-मोठं करता येत नाही, आणि इतक्या जवळून ते लहान केल्याशिवाय अर्धं फूलही नीट येत नाही. मी टोकवाल्या घेतल्या, १३ आणि २१ मिलिमीटरच्या, २,२०० रुपयांना. दोन्ही लावून पट्टीचा फोटो काढला, तर ८९ च्या जागी २६ मिलिमीटर मावले! रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पट्टीचे फोटो काढत बसले होते.

बाकी ६४ जीबीचं कार्ड ७०० ला, जादा बॅटरी ११०० ला, हवाबंद डबा साडेतीनशेचा, सिलिका जेल दीडशेचं. ओल धरून त्याचे निळे दाणे गुलाबी झाले, की स्वयंपाकातून कायमच्या काढलेल्या तव्यावर मंद तापवायचे, परत निळे होतात. एकूण साडेअठ्ठावीस हजार. तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, घेतलं नाही. सुती पिशवीत किलोभर तांदूळ भरून तोंड शिवलं. जमिनीलगत कॅमेरा टेकवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, फक्त पावसात प्लॅस्टिकची पिशवी वरून घालायला लागते.

या वर्षी ऑगस्टची वाट जेवढी बघितली, तेवढी लहानपणी दिवाळीचीही बघितली नसेल. पहिले दोन दिवस एकही फोटो धड आला नाही. वारा. लेन्समधलं थरथर थोपवणारं यंत्र आपला हात हलला तर सांभाळतं, फूल हललं तर त्याचा काही इलाज नाही. आणि इतक्या जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम मिलिमीटरभर खोल असते. श्वास सोडला तरी फूल तिच्यातून निसटतं. तिसऱ्या दिवशी मुलांनीच तोडगा काढला. तिघी जणी छत्र्या घेऊन वाऱ्याच्या बाजूनं कातळावर ओळीनं उभ्या राहिल्या. एफ ११, शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग, आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती दाद देतो तो आकडा, १६००. फोकस हातानं एका जागी बांधला आणि मग फक्त तांदळाची पिशवी केसभर पुढं-मागं सरकवत राहिले. चाळीसेक फोटोंत तीन लागले. निघताना, काहीही न बदलता, त्याच अंतरावर पट्टी धरून तिचाही एक फोटो काढला.

सोमवारी दवबिंदू टीव्हीवर लावला. लाल केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यातल्या पाच-सहा थेंबांत अडकलेला एक बारीक किडा, पंख पसरलेला. सड्यावर तो मलाही दिसला नव्हता. वर्ग आधी गप्प झाला, मग सगळेच एकदम बोलायला लागले. गेल्या वर्षी ओंजळीतून फुलं आणणारी ती मुलगी आता आठवीत आहे. ती दारातच उभी होती. तिनं विचारलं, "बाई, हा खरा केवढा असंल?"

मी पट्टीचा फोटो लावला. मुलं पट्ट्या घेऊन टीव्हीपाशी गेली. कुणी पडद्याची रुंदी मोजली, कुणी किड्याची, फळ्यावर त्रैराशिक मांडलं. दोघांची उत्तरं वेगळी आली, पुन्हा मोजलं. किडा तीन मिलिमीटरचा निघाला.